कोयना आणि किल्लारीच्या मधोमध

महाराष्ट्राच्या नकाशावर इंदापूरला बोट टेकवले, तर नैर्ऋत्येला कोयनानगर सरळ रेषेत सुमारे 155 किलोमीटरवर येते आणि पूर्वेला किल्लारी सुमारे 165 किलोमीटरवर. बारामती थोडी पश्चिमेला, म्हणून ती कोयनेला जवळ, 120 किलोमीटरच्या आसपास, आणि किल्लारीपासून 210 किलोमीटर दूर. राज्याच्या अलीकडच्या इतिहासातले दोन सर्वांत घातक भूकंप या दोन तालुक्यांच्या दोन बाजूंना झाले. दोन्ही पहाटे झाले, दोन्ही 6 रिश्टरच्या थोडे वरचे होते, आणि तरी जमिनीच्या पोटात घडलेली गोष्ट दोन्हीकडे वेगळी होती. कोयनेत खडकाचे दोन भाग एकमेकांना घासत आडवे सरकले. किल्लारीत एक भाग दुसऱ्यावर चढला.

हे चढणे म्हणजेच थ्रस्ट. नीरा-भीमेच्या दुआबातल्या उसाच्या पट्ट्याखाली तसे काही घडू शकते का, हा प्रश्न 1993 नंतर इथल्या प्रत्येक जाणत्या माणसाने कधी ना कधी विचारलेला आहे. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर नाही. पण गेल्या तीस-बत्तीस वर्षांत जमा झालेली माहिती बरीच आहे, आणि ती एकत्र पाहिली की प्रश्नाचा रोख बदलतो.

भूकवचातला खडक तुटतो आणि त्या तुटीवरून सरकतो, त्या तुटीला प्रस्तरभंग म्हणतात. खडक ताणला गेला, तर तुटीच्या वरचा भाग खाली घसरतो. खचदऱ्या अशाच बनतात. खडक तिरका रेटला गेला, तर दोन बाजू आडव्या सरकतात. आणि खडक दोन्हीकडून दाबला गेला, तर त्याला जायला एकच मोकळी दिशा उरते, वर. घट्ट खेटून बसवलेल्या शहाबादी फरश्या बाजूने ढकलल्या की एक दुसरीवर चढते, तसा तुटीच्या वरचा खडक खालच्या खडकावर चढतो. तुटीचा उतार सौम्य असला तर त्याला थ्रस्ट म्हणायचे आणि उतार तीव्र असला तर व्युत्क्रम प्रस्तरभंग, असा भेद भूशास्त्रज्ञ करतात. पण जोर एकच, दाबाचा.

हा दाब महाराष्ट्राला मिळतो उत्तरेकडून. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकतो आहे आणि हिमालयाखाली युरेशियाला धडकतो आहे. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये झालेला 7.8 क्षमतेचा गोरखा भूकंप हा त्या धडकेच्या मुख्य थ्रस्टवरचा. तिथे भूपट्टांची सीमाच आहे, त्यामुळे कारण शोधावे लागत नाही. दख्खनचे पठार त्या सीमेपासून हजारभर किलोमीटर दूर, पट्टाच्या आत. उपग्रहांच्या मदतीने जमिनीची हालचाल मोजली, तर द्वीपकल्पाच्या अंतर्भागातले ताणणे-आकसणे वर्षाला एक-दोन मिलिमीटरच्या आतच येते. इतक्या संथ गतीने साठणारा दाब मोकळा व्हायला शतके लागतात, हजारो वर्षेही लागतात. म्हणून अशा प्रदेशाला ‘स्थिर’ म्हणण्याची सवय पडली. किल्लारीने ती सवय मोडली.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जित करून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे कोसळली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, एकोंडी आणि आसपासची कितीतरी. क्षमता 6.2. शासकीय आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. काही अंदाज दहा हजारांच्या घरात जातात.

हा भूकंप अगदी न सांगता आला असे नाही. 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात लहान धक्क्यांची रांग लागली होती. ऑक्टोबरमधला एक 4 च्या आसपासचा होता. जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येत. लोक घाबरले, घराबाहेर झोपू लागले, पुनर्वसनाची मागणीही झाली. पुढे धक्के थांबले आणि वर्षभराने मुख्य धक्का आला. इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. लहान धक्क्यांच्या मालिका देशात अनेक ठिकाणी येतात आणि बहुतेक काहीही न होता विरतात. 2006-07 मध्ये नांदेड शहराखाली अशीच मालिका झाली आणि शमली. पालघर-डहाणू भागात 2018 च्या अखेरीपासून धक्के सुरू झाले. आधीचे धक्के ‘पूर्वसूचना’ होते हे मुख्य धक्का झाल्यावरच म्हणता येते. 1992 मध्ये कोणी मोठ्या भूकंपाचे भाकीत करायला हवे होते, हा आरोप म्हणून शास्त्राच्या बाजूने टिकत नाही. मात्र त्या वर्षभरात घरे तपासता आली असती, माळवदावरची माती उतरवता आली असती, ही खंत खरी आहे.

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या शेतात जमीन फाटलेली आणि उचललेली दिसली. तुटक-तुटक, सुमारे किलोमीटरभर लांबीची ती रेघ. काही जागी एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा मीटरहून अधिक वर आलेली. पट्टाच्या आतल्या भागात भूकंपाची तूट पृष्ठभागापर्यंत येऊन पोहोचण्याची उदाहरणे जगात मोजकीच आहेत, म्हणून देशोदेशीचे अभ्यासक तिथे आले. जर्मनीच्या पोट्सडॅम येथील जीएफझेड संस्थेच्या पथकाने उपकरणे मांडून पश्चातधक्के टिपले. ते अगदी उथळ निघाले, पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये दाटलेले. भूकंपलहरींवरून तुटीची बैठक काढली, ती पश्चिम-वायव्य ते पूर्व-आग्नेय अशी आली. उतार नैर्ऋत्येकडे, साधारण 45 अंशांचा. दक्षिणेकडचा खडक उत्तरेकडच्या खडकावर चढला होता. उत्तरेकडून येणाऱ्या दाबाशी हे तंतोतंत जुळते.

उथळपणा हा किल्लारीचा सर्वांत क्रूर भाग. खोल भूकंपाच्या लहरी वर येईपर्यंत बऱ्याच पसरतात, ओसरतात. इथे सगळी ऊर्जा गावांच्या पायाखालीच सुटली. म्हणून नुकसानीचा पट्टा लहान, पण त्या पट्ट्यात काही उरले नाही. त्याच वेळी जुन्या, घट्ट, थंड खडकातून लहरी दूरवर जातात, त्यामुळे धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला.

मग जमिनीत भोक पाडून पाहण्याचे ठरले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, किल्लारीत 617 मीटर खोल विंधन घेतले. वर 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, त्याखाली आठ मीटरांचा गाळखडकाचा पातळ थर, आणि त्याखाली सुमारे 250 कोटी वर्षे जुना पायाभूत खडक. शेजारच्या उथळ विंधनांतून बेसाल्टचे थर जुळवून पाहिले, तेव्हा तुटीच्या दोन बाजूंना तेच थर काही मीटर वर-खाली आढळले. 1993 च्या एका धक्क्यात होईल त्याहून ही सरक जास्त होती. याचा अर्थ, लाव्हा थिजून गेल्यानंतरच्या 6.6 कोटी वर्षांत ही तूट आधीही सरकली असावी.

इथे अभ्यासकांत मतभेद झाले, आणि ते महत्त्वाचे आहेत. सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडले की किल्लारीत पायाभूत खडकातला प्राचीन प्रस्तरभंग पुन्हा जागा झाला. त्याच वर्षी लिओनार्दो सीबर आणि सहकाऱ्यांनी वेगळी शक्यता पुढे केली: बेसाल्टमध्ये आधी फारसे न सरकलेला, जवळपास नवा प्रस्तरभंग. हा वाद केवळ अभ्यासिकेतला नाही. जुनेच प्रस्तरभंग जागे होत असतील, तर ते शोधून नकाशावर मांडता येतील. नवे तयार होत असतील, तर नकाशा कितीही बारीक केला तरी पुढची जागा त्यावर नसेल. विंधनांतला पुरावा जुन्या तुटीच्या बाजूने झुकतो. पण 1993 च्या आधी ती तूट जमिनीवरून कोणाच्याही नजरेत भरलेली नव्हती, हे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

मग ती 1993 मध्येच का सरकली? एनजीआरआयच्या संशोधकांना भूकंपस्थानाखाली काही किलोमीटर खोलीवर विद्युतवाहकता जास्त असलेला भाग आढळला आणि त्यांनी तो खडकांच्या भेगांतल्या द्रवाचा असावा असे मांडले. भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की खडकाच्या दोन बाजूंना एकमेकींशी जखडून ठेवणारे घर्षण कमी होते. काही अभ्यासकांनी जवळच्या निम्न तेरणा प्रकल्पाच्या पाण्याकडे बोट दाखवले. जलाशय लहान आणि उथळ असल्याने ते सर्वांना पटलेले नाही.

तेरणेच्याच काठी, किल्लारीच्या वायव्येला, तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर, आणि त्याही आधीचे तगर, सातवाहनकाळातले व्यापारी नगर. तिथल्या पांढरीच्या थरांत राजेंद्रन दांपत्याला जमीन हादरल्याच्या खुणा मिळाल्या आणि त्यांनी तो भूकंप सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. एवढ्या काळात या भागाने किती धक्के सोसले ते कुठल्याही बखरीत किंवा गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. मातीच्या थरांत सापडले तर सापडेल. माणसाची आठवण तीन पिढ्यांची, दप्तराची आठवण दोन-तीन शतकांची, आणि या प्रस्तरभंगांची झोप त्याहून कितीतरी लांब.

किल्लारी जगात एकटी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेकरिंग गावाजवळ 14 ऑक्टोबर 1968 ला 6.5 च्या भूकंपाने गव्हाच्या शेतातून 37 किलोमीटर लांबीचा बांध उचलला. त्याच देशाच्या मध्यभागी टेनंट क्रीकजवळ 22 जानेवारी 1988 ला एका दिवसात 6 च्या वरचे तीन धक्के झाले. दोन्ही थ्रस्ट, दोन्ही उथळ, दोन्ही अतिशय जुन्या खडकात. तिथे वस्ती विरळ, म्हणून मनुष्यहानी झाली नाही. फ्रान्समध्ये ल तेय इथे 11 नोव्हेंबर 2019 ला अवघ्या 4.9 च्या भूकंपाने जमीन फाडली, कारण त्याची खोली जेमतेम एखादा किलोमीटर होती. ‘6 च्या खाली असेल तर काही होत नाही’ हा समज उथळ थ्रस्टच्या बाबतीत धोक्याचा आहे.

आपल्याकडची उदाहरणे खोलीने फार वेगवेगळी आहेत. 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप, 5.8 क्षमतेचा, दाबाखालच्या तुटीवरच झाला. पण सुमारे 35 किलोमीटर खोल, भूकवचाच्या तळाजवळ. 26 जानेवारी 2001 चा भुजचा भूकंप 7.7 चा. तोही थ्रस्ट, आणि त्याची मुख्य तूट पृष्ठभागापर्यंत आलीच नाही. अशाला आंधळा थ्रस्ट म्हणतात. त्याच कच्छमध्ये 16 जून 1819 ला रणाच्या पश्चिम भागात सुमारे 90 किलोमीटर लांबीचा उंचवटा एकदम वर आला आणि सिंधूच्या एका फाट्याचे पाणी अडले. लोकांनी त्याला अल्लाहबंद हे नाव दिले, देवाने घातलेला बांध.

जबलपूर खोल आणि किल्लारी उथळ असे का, यावर रॉजर बिल्हॅम, रेबेका बेंडिक आणि काली वॉलेस यांनी 2003 मध्ये एक कल्पना मांडली. हिमालयाच्या भाराने भारतीय पट्ट उत्तरेला खाली वाकतो, म्हणून मध्य भारतात तो किंचित फुगतो आणि त्याच्या दक्षिणेला पुन्हा अगदी थोडा दबतो. फुगीर भागात दाब पट्टाच्या खालच्या बाजूला जास्त, म्हणून जबलपूर खोल. दबलेल्या भागात दाब वरच्या बाजूला जास्त, म्हणून किल्लारी उथळ. कल्पना सुंदर आहे आणि बरेच काही समजावून देते. पण तिने सांगितलेला पट्टा शेकडो किलोमीटर रुंद आहे. त्यातून एखाद्या तालुक्याचे भविष्य काढता येत नाही.

कोयनेची गोष्ट या मंडळीत बसत नाही आणि तिची सरमिसळ नेहमी होते. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेल्या 6.3 च्या त्या धक्क्यात पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि पुढे ती भिंत मजबूत करावी लागली. कोयनेचा जलाशय, शिवाजीसागर, 1962 पासून भरू लागल्यावर त्या भागात धक्के सुरू झाले होते. जलाशयाच्या पाण्याने चेतवलेल्या भूकंपांत जगातला तो सर्वांत मोठा मानला जातो. तिथली तूट आडव्या सरकीची. धक्के आजही तेवढ्याच छोट्या, सुमारे 20 बाय 30 किलोमीटरच्या टापूत होतात, हे कोयनेचे वैशिष्ट्य; म्हणूनच तिथे खोल विंधन घेण्यात अर्थ होता. कऱ्हाडजवळची भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा त्यासाठीच उभी राहिली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोलीचे प्राथमिक विंधन पूर्ण झाले. आधीच्या एका विंधनात बेसाल्टची जाडी 933 मीटर भरली होती. किल्लारीच्या 338 शी ती ताडून पाहावी: लाव्हाचे हे आवरण पश्चिमेला जाड आणि पूर्वेला पातळ होत जाते. बारामती-इंदापूर मधल्या उतारावर.

कोयनेचे नाव निघाले की इंदापुरात पुढचा प्रश्न उजनीचा असतो. उजनीचा यशवंतसागर 117 टीएमसीचा, म्हणजे साठ्याने कोयनेपेक्षाही मोठा, आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरते. पण पाण्याने धक्के चेतवण्यात साठ्याइतकेच महत्त्व खोलीला असते. कोयना धरण 103 मीटर उंच, घाटाच्या अरुंद दरीत. उजनी सुमारे निम्म्या उंचीचे, पसरट खोऱ्यात. शिवाय खाली आधीच तुटायला आलेला खडक असावा लागतो. 1980 च्या सुमारास धरण पूर्ण झाल्यापासून कोयनेसारखी मोठी मालिका उजनीवर झालेली नाही. हा दिलासा मोठा आहे आणि तो मोकळेपणाने घ्यावा.

तरी या दोन तालुक्यांच्या खाली काय आहे, याकडे वळावेच लागते. वर काळा पाषाण, त्यावर मुरूम, नदीकाठाला काळी माती आणि गाळ. बेसाल्टच्या थरांखालचे दिसत नाही. ते पाहण्याचा एक मार्ग म्हणजे गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजणे. कृष्ण ब्रह्मम आणि जनार्दन नेगी यांनी 1973 मध्ये अशा मोजणीवरून मांडले की दख्खनच्या लाव्हाखाली दोन खचदऱ्या पुरलेल्या असाव्यात: एक कोयनेची, दुसरी कुर्डुवाडीची. कुर्डुवाडी म्हणजे भीमेपलीकडे, इंदापूरच्या अगदी शेजारी. पुढे पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या व्ही. व्ही. पेशवा आणि विवेक काळे यांनी उपग्रहचित्रांवरून या भागातल्या भेगांच्या रेषा अभ्यासल्या आणि 1997 मध्ये वायव्य-आग्नेय जाणाऱ्या कुर्डुवाडी रेषेवर लक्ष वेधले. नद्यांची सरळ वळणे, भेगांचे दाट पट्टे, जमिनीच्या चढ-उतारातले फरक, अशा खुणा तिथे एका ओळीत येतात.

हे वाचून छातीत धस्स होणे साहजिक आहे. पण रेषा म्हणजे भूकंप नव्हे. दख्खनच्या उपग्रहचित्रावर अशा रेषा शेकड्यांनी काढता येतात. त्यातल्या अनेक लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगा असतात, काही डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, असतात, काही नुसत्या ओढ्यांच्या वाटा. पुरलेली खचदरी असली, तरी ती कोट्यवधी वर्षांपूर्वी ताणामुळे झालेली. आजच्या दाबाखाली तिच्याच तुटी उलट्या दिशेने सरकू शकतात, हे कच्छमध्ये घडले आहे. कुर्डुवाडीच्या रेषेवर तसे घडल्याचा थेट पुरावा, म्हणजे तुटलेला ताजा गाळ, मांडला गेलेला नाही. तेव्हा इथे किल्लारी होणार, असे म्हणण्याला आधार नाही. इथे किल्लारी होऊच शकत नाही, असे म्हणण्यालाही नाही. किल्लारीच्या लोकांना हे दुसरे वाक्य शासनाच्या नकाशाने जवळपास सांगितलेले होते.

भारतीय मानक 1893 या संहितेतला भूकंपक्षेत्रांचा नकाशा 1962 पासून वेळोवेळी बदलत आला. कोयनेच्या धक्क्यानंतर 1970 च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. किल्लारी मात्र पहिल्या क्षेत्रातच राहिली, सर्वांत कमी धोक्याच्या. 1993 नंतर चूक ध्यानात आली आणि 2002 च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द झाले. त्या आवृत्तीत किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात दाखवली गेली, आणि पुणे व सोलापूरही. या इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते: नकाशा बहुतेक वेळा भूकंपाच्या मागून चालत आला. जिथे शेवटचा मोठा धक्का कधी झाला हेच ठाऊक नाही, तिथे नकाशावरचा फिकट रंग सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानू नये.

म्हणून प्रश्नाचा रोख जमिनीकडून घराकडे वळवावा लागतो, आणि इथे पुरावा निर्विवाद आहे. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज उपनगराखाली 6.7 चा भूकंप झाला. तोही थ्रस्ट, तोही पहाटे, आणि सुटलेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून जास्त. दाट वस्तीच्या त्या महानगरात साठच्या आसपास माणसे गेली. किल्लारीच्या खेड्यांत हजारो.

फरक भिंतीचा होता. मराठवाड्यातले माळवदाचे घर उन्हाळ्यासाठी उत्तम: दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी माती पडे, म्हणजे छत पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेलेले. भिंतीचे मात्र दोन पापुद्रे. बाहेरचे दगड आणि आतले दगड वेगळे, मध्ये भर. दोन्हींना बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड क्वचितच. हादरा बसताच पापुद्रे सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या घरांत भिंतीशिवाय वेगळे लाकडी खांब तुळयांना आधार देत होते, त्यातली काही भिंती पडूनही उभी राहिली.

तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचे शरद पवार होते आणि ते त्याच दिवशी भूकंपग्रस्त भागात पोहोचले. जागतिक बँकेच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसली. तो भाग सर्वांना ठाऊक आहे. नव्या गावांच्या ऐसपैस मांडणीत जुनी शेजारपाजाराची वीण तुटली, ही तक्रारही ठाऊक आहे. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा आठवला जात नाही: जुन्याच गावांतली सुमारे दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत केली गेली. गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले. छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे ओतणे, कोपरे बांधणे, छताखाली काँक्रीटचा पट्टा फिरवणे, अशी साधी कामे होती. भुजच्या भूकंपानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समितीचे उपाध्यक्षपद पवारांकडे आले, त्यामागे किल्लारीचाच अनुभव होता.

दगड-मातीची जुनी घरे बारामती-इंदापुरातही आहेत. इंदापूरच्या जुन्या पेठेत, वाड्या-वस्त्यांवर, गोठ्यांच्या रूपात. पण इथला आजचा मोठा प्रश्न वेगळा आहे, आणि तो भुजने शिकवला. 26 जानेवारी 2001 ला केंद्रापासून सुमारे 240 किलोमीटर दूर अहमदाबादेत अनेक इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसे गेली. पडलेल्यांपैकी बऱ्याच इमारतींत तळमजल्यावर पार्किंग होते: वर भिंतींनी भरलेले ताठ मजले, खाली नुसते कॉलम. सगळी हालचाल त्या कॉलमांवर आली आणि ते मोडले. बारामती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एमआयडीसी, महाविद्यालये आणि दवाखान्यांमुळे झपाट्याने वाढली आहे, आणि तळाला पार्किंग व वर चार-पाच मजले ही तिथली नेहमीची रचना झाली आहे. त्यातल्या काही इमारती नदीकाठच्या जाड काळ्या मातीवर किंवा भरावावर उभ्या आहेत, जिथे हादरा खडकावरच्यापेक्षा जास्त तीव्र होतो. अशी इमारत भूकंपसह करता येते: पार्किंगच्या मजल्यावर काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती द्याव्या लागतात, कॉलम जास्त मजबूत घ्यावे लागतात.

दोन-तीन मजल्यांच्या घरात तर बहुतेक गोष्ट गवंडी आणि सळई बांधणाऱ्याच्या हातात असते. कॉलमच्या रिंगा जवळजवळ हव्यात, विशेषतः तुळईच्या सांध्याजवळ, आणि रिंगेची टोके 135 अंशांत आत वळवलेली हवीत. ती 90 अंशांवर सोडली, तर हादऱ्यात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. विटांच्या घराला जोत्याला, लिंटेलला आणि छताला अखंड पट्टा हवा. घराच्या एकूण खर्चात या गोष्टींनी पडणारी भर थोडी असते. संहितेत हे सगळे लिहिलेले आहे. लहान गावात आणि वस्तीवर बांधकामाचा नकाशा मंजूर होतो, पण ओतकामाआधी सळई कोणी तपासत नाही, हे सर्वांना माहीत आहे. खर्च घरमालकाचा, जीवही त्याचाच, आणि तरी ही तपासणी त्याच्या हिशेबात येत नाही. या लेखातली सर्वांत निकडीची बाब कोणती, तर ही.

अभ्यासाची बाजूही मोकळी आहे. भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांनी काठाकाठाने गाळाचे थर रचून ठेवले आहेत. मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी अशाच थरांत ज्वालामुखीची राख मिळाली, अश्मयुगीन हत्यारांसोबत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि राखेचा संबंध इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीशी जोडला गेला. वयाबद्दल वाद झाला, पण बारामती तालुक्यातला एक नदीकाठ हजारो वर्षांचा दस्तऐवज सांभाळून आहे हे ठरले. ज्या गाळात राख टिकते, त्यात हादऱ्याने मुरडलेले थर आणि भेगांतून वर आलेली वाळूही टिकते. तेरला हेच शोधले गेले. मोरगावपासून सोनगावच्या कऱ्हा-नीरा संगमापर्यंत आणि तिथून खाली नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते तिथपर्यंत, प्राचीन भूकंपांच्या खुणांसाठी काठ पद्धतशीर तपासता येतील. तशा खुणा मिळाल्या, तर कुर्डुवाडीच्या रेषेबद्दलचा संशय तारखेनिशी बोलू लागेल. लांबवर काहीच मिळाले नाही, तर तेही मोलाचे उत्तर ठरेल. काम चालून, खणून आणि थर मोजून करायचे आहे. एप्रिल-मेमध्ये उजनीचे पाणी उतरते आणि पळसदेवच्या आसपासचे काठही उघडे पडतात, तेव्हा ते भीमेच्या अंगाने सुरू करता येईल.